बॅटर की पिचर, हायस्कूलचा की कॉलेजचा : डायनॅस्टी लीगमध्ये कोणत्या पोरावर डाव लावावा?

डायनॅस्टी लीगमध्ये (फॅन्टसी बेसबॉलचा असा प्रकार, जिथं घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतो) नव्यानं उतरलेला माणूस बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. मोठी नावं वाटून झालेली असतात, नवख्यांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडणं, सुरू होतो आणि आपली पाळी येते तेव्हा समोर चार पोरं उरलेली असतात. कॉलेजातून आलेला, पहिल्या बेसवर खेळणारा दांडगा बॅटर. नुकतंच हायस्कूल संपवलेला, वाऱ्यासारखा पळणारा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). ताशी १०० मैलांनी चेंडू फेकणारा पिचर. आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधला १७ वर्षांचा मुलगा, ज्याचे सरावाचे दोन-तीन व्हिडिओ सोडले तर कोणी काही पाहिलेलं नाही.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात ऑफिसच्या लीगमध्ये खेळणाऱ्या मराठी मंडळींना ड्रीम इलेव्हनची सवय असेल, तर ती आधी बाजूला ठेवावी लागेल. तिथला संघ एका सामन्यापुरता. इथं घेतलेला पोरगा पाच-सात वर्षं तुमच्याकडे राहतो. गळ्यातला ताईत होऊन नाहीतर लोढणं होऊन.

यादी नेमकी कोणासाठी आहे?

एमएलबी पाइपलाइन, बेसबॉल अमेरिका यांच्या होतकरू खेळाडूंच्या पहिल्या शंभरांच्या याद्या सगळे उघडून बसतात. त्या उत्तम असतात, पण खऱ्या संघांसाठी. स्काउट मंडळी बॅटरचे पाच गुण २० ते ८० च्या मापावर तोलतात : चेंडूला बॅट लावणं, ताकद, पळणं, थ्रो आणि क्षेत्ररक्षण. ५० म्हणजे मेजर लीगचा (एमएलबी, बेसबॉलची अव्वल लीग) सरासरी खेळाडू. आता नेहमीची ‘पाच बाय पाच’ लीग घ्या. बॅटरचे गुण मिळतात रन, होम रन, आरबीआय (त्याच्या फटक्यानं निघालेले रन), स्टील (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं) आणि सरासरीला (हिट भागिले पाळ्या). थ्रो आणि क्षेत्ररक्षणाला शून्य. म्हणजे यादीतला नंबर ज्या पाच गोष्टींवर ठरला, त्यातल्या दोन तुमच्या उपयोगाच्याच नाहीत.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं मेजर लीगच्या खऱ्या संघांच्या २०१९ च्या ड्राफ्टमध्ये. पहिला नंबर ओरिओल्सनं घेतलेला कॉलेजचा कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) अ‍ॅडली रचमन, दुसरा रॉयल्सनं घेतलेला टेक्सासच्या हायस्कूलचा शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियर. २०२० मध्ये मायनर लीगचा (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांचा) मोसमच रद्द झाला आणि दोघंही मेजर लीगमध्ये २०२२ मध्येच आले. २०२३ चे त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. सरासरी .२७७ आणि .२७६, म्हणजे फरकच नाही. होम रन २० आणि ३०. स्टील १ आणि ४९. ओरिओल्सनं त्या वर्षी १०१ सामने जिंकले, त्यात रचमनचा वाटा मोठा होता. रॉयल्स १०६ हरले. ओरिओल्सच्या मालकाला रचमन घेतल्याचा पश्चात्ताप होण्याचं काही कारण नव्हतं. तुमच्या लीगमध्ये मात्र विट ज्याच्याकडे, त्याची चंगळ. पुढच्याच वर्षी विटनं .३३२ च्या सरासरीनं ३२ होम रन आणि ३१ स्टील केले.

क्षेत्ररक्षण अगदीच बिनकामाचं नाही बरं का. चांगला शॉर्टस्टॉप बॅटनं चाचपडत असला तरी संघ त्याला मैदानात ठेवतो, आणि खेळायला मिळालं तरच आकडे जमतात. कॅचरचं उलटं : गुडघ्यांना विश्रांती म्हणून त्याला अधूनमधून बसवतात. त्यामुळे तरुण कॅचर, तो कितीही गाजलेला असो, मी ड्राफ्टमध्ये दुसऱ्यालाच घेऊ देतो.

बॅटर की पिचर

इथं माझं मत पक्कं आहे : बॅटर. पुरावा पाहिजे तर २०१३ चा ड्राफ्ट बघा. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसनं पहिल्या नंबरवर स्टॅनफर्डचा पिचर मार्क अपेल घेतला. दुसऱ्या नंबरवर कब्जनं क्रिस ब्रायंट. ब्रायंट २०१५ मध्ये रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा), २०१६ मध्ये एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू). अपेल अ‍ॅस्ट्रोसकडून मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, २०१८ मध्ये खेळापासून दूर गेला, परत आला आणि ३० वर्षांचा असताना, २०२२ मध्ये, फिलीजकडून त्याचं पदार्पण झालं. माणूस म्हणून ही गोष्ट फार सुंदर आहे. पण त्याला नऊ वर्षं रोस्टरवर धरून बसलेल्या फॅन्टसी मालकाला त्याचा काय उपयोग? आणि त्याच ड्राफ्टमध्ये ३२ व्या नंबरपर्यंत बसून राहिलेला बॅटर होता एरन जज.

कारण साधं आहे, पिचरचं कोपर. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की बारा ते अठरा महिने गेले. फिलीजचा अँड्र्यू पेंटर २०२३ च्या वसंतात, वयाच्या १९ व्या वर्षी, थेट मेजर लीगच्या रोटेशनचं (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या पाळीचं) दार ठोठावत होता. कोपर दुखलं, जुलैत शस्त्रक्रिया झाली, आणि २०२३ आणि २०२४ हे दोन्ही नियमित मोसम पाण्यात गेले. शिवाय धडधाकट राहिला तरी संघ तरुण पिचरला जपून वापरतात, इनिंगवर मर्यादा घालतात. सप्टेंबरमध्ये तुमच्या लीगचे बाद सामने चालू असतात आणि तो डगआऊटमध्ये बसलेला.

मग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्सचं काय, असं कोणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला स्कीन्स, दुसरा बॅटर डिलन क्रूज. दोघं एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) एकाच विजेत्या संघातले. माझ्या नियमानं चाललात तर तुम्ही क्रूज घेतला असता. क्रूजची पहिल्या दोन मोसमांत सरासरी .२२० च्या खाली राहिली, आणि स्कीन्सनं २०२४ मध्ये १.९६ चा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, जितका कमी तितका चांगला), रूकी ऑफ द इयर, २०२५ मध्ये १.९७ चा ईआरए आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). असा पिचर समोर असेल तर नियम खुंटीवर टांगावा. फक्त त्याच्या २०२५ च्या रकान्यात आणखी एक आकडा आहे : दहा विजय, दहा पराभव. दोनच्या आत ईआरए असून दहाच विजय, कारण पायरेट्सना धावा जमवता येत नव्हत्या. ‘विन’ हा रकाना पिचरच्या हातात जेमतेम अर्धाच असतो. तुमच्या लीगमध्ये विनऐवजी क्वालिटी स्टार्ट (किमान सहा इनिंग टाकून तीनहून जास्त रन न देणं) मोजत असतील, तर पिचरचं पारडं थोडं जड होतं.

तेव्हा पिचर घ्यायचाच, तर ट्रिपल-एमध्ये (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) पोचलेला घ्या. हायस्कूलचा पिचर चार वर्षं पाळण्याइतका संयम माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे होता त्यांचे हात बहुतेक वेळा रिकामेच राहिलेले पाहिलेत.

हायस्कूलचा की कॉलेजचा

यात सरळ उत्तर नाही. २०२४ चा ड्राफ्ट घ्या. अ‍ॅथलेटिक्सनं चौथ्या नंबरवर वेक फॉरेस्टचा फर्स्ट बेसमन निक कर्ट्झ घेतला. पायरेट्सनं नवव्यावर हायस्कूलचा कॉनर ग्रिफिन. कर्ट्झ २०२५ च्या एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये आला, ३६ होम रन ठोकले, जुलैत ह्यूस्टनमध्ये एकाच सामन्यात चार मारले आणि रूकी ऑफ द इयर झाला. नऊ महिन्यांत पैसे वसूल. ग्रिफिननं तेच वर्ष मायनर लीगच्या तीन पायऱ्यांवर काढलं आणि १९ व्या वर्षी २१ होम रन, ६५ स्टील करून सगळ्या याद्यांच्या वर जाऊन बसला.

आज जिंकायचं असेल तर कर्ट्झ हवा. ग्रिफिनसारख्याचं मोल स्टीलमुळे वाढतं, पण इथं एक मेख आहे. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ झाला, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायला तिकडे चेंडू फेकण्यावर) बंधन आलं, आणि मेजर लीगमधले स्टील एका वर्षात २४८६ वरून ३५०३ वर गेले. पूर्वी २० स्टील म्हणजे सोनं होतं. आता बरेच जण करतात. म्हणून नुसत्या पळण्यावर पोरगा घेऊ नये. पळणं आणि ताकद दोन्ही असेल तरच थांबण्यात अर्थ.

आणि ‘पहिला नंबर’ म्हणजे तयार माल, असंही समजू नये. जॅक्सन हॉलिडे २०२२ चा पहिला नंबर, २०२४ मध्ये सगळ्या याद्यांत अव्वल. एप्रिलमध्ये वर आला आणि दहा सामन्यांत ३४ पाळ्यांत २ हिट, १८ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद). परत खाली पाठवला. त्या आठवड्यात त्याला मातीमोल भावात देऊन टाकणारे मालक मला कळत नाहीत; वीस वर्षांच्या पोराच्या ३४ पाळ्यांवर कसला निकाल लावता?

डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाची पोरं

सगळ्यात जास्त हवा इथं असते. यांकीजनं २०१९ मध्ये जेसन डोमिंगेझला ५१ लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. व्यावसायिक सामना तो २०२१ मध्ये खेळला, पण फॅन्टसी लीगमध्ये त्याआधीच त्याला तारा मानून भाव लावले जात होते. त्याच्या आदल्याच वर्षी रेड्सनं एली डे ला क्रूझला ६५ हजार डॉलरला घेतलं होतं आणि कोणाला पत्ताही नव्हता. २०२४ मध्ये एलीनं २५ होम रन आणि ६७ स्टील केले (आणि २१८ वेळा स्ट्राइकआऊटही झाला, हे त्याच्या भक्तांनी विसरू नये). कराराच्या वेळी मिळणाऱ्या बोनसचा आकडा हा पंधरा-सोळाव्या वर्षी दिसलेल्या शरीराचा भाव असतो. तो पोरगा चार वर्षांनी कर्व्हबॉल सोडेल की त्याच्यामागे धावेल, हे त्यावरून कोणालाही सांगता येत नाही.

एक खूण मात्र भरवशाची आहे : संघ स्वतःचे पैसे कुठे अडकवतो. ब्रूअर्सनं जॅक्सन चुरिओशी पदार्पणाआधीच आठ वर्षांचा, ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. २०२४ चे पहिले दोन महिने तो चाचपडला, तरी त्याला खेळवत राहिले, आणि मोसम संपला तेव्हा २१ होम रन, २२ स्टील, वय वीस.

आकडे वाचताना

समजा दोन शॉर्टस्टॉप आहेत. एक १९ वर्षांचा, डबल-एमध्ये (ट्रिपल-एच्या खालची पायरी), सरासरी .२५५, दर शंभर पाळ्यांत १८ स्ट्राइकआऊट. दुसरा २३ वर्षांचा, त्याहून खाली सिंगल-एमध्ये, सरासरी .३२०, स्ट्राइकआऊट २९. लीगमधले निम्मे लोक दुसऱ्याकडे धावतील. मी पहिला घेतो, आणि दोनदा विचार करत नाही. पहिला आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर उभा राहून चेंडूला बॅट लावतोय. दुसरा पोरासोरांना झोडपतोय आणि तरीही चुकतोय. २०१६ मध्ये कल्याणच्या मैदानावर शालेय सामन्यात नाबाद १००९ निघाल्या, तेव्हा आपल्याकडेही समोर गोलंदाज कोण होते हा प्रश्न जाणत्यांनी लगेच विचारला होता. तोच प्रश्न इथं रोज विचारायचा.

म्हणून आधी वय आणि पायरी, मग स्ट्राइकआऊट आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस), मग ताकद, आणि सरासरी सगळ्यात शेवटी. ट्रिपल-एमधल्या पॅसिफिक कोस्ट लीगचे होम रन पाहताना अल्बुकर्की आणि रेनो उंचावर आहेत, विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे ध्यानात ठेवा. चेंडू किती जोरात लागतो याचबरोबर तो कुठे जातो तेही बघा. व्लादिमीर गेरेरो ज्युनियर २०१९ मध्ये आला तेव्हा चेंडू फोडून काढत होता, पण फार वेळा जमिनीवर मारत होता. होम रन १५. चेंडू उचलायला शिकला आणि २०२१ मध्ये ४८. अशा पोराला पहिल्या निराशेच्या वर्षी दुसऱ्याकडून विकत घ्यायचं असतं.

वर कधी येणार, आणि तोवर जागा आहे का?

पूर्वी संघ पोराला मुद्दाम दोन-अडीच आठवडे खाली ठेवत. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि अशी ठरावीक वर्षं भरली की खेळाडू दुसऱ्या संघात जायला मोकळा. कब्जनं २०१५ मध्ये ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले आणि संघाला तो आणखी एक वर्ष मिळाला. त्यानं तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारानंतर याद्यांत वर असलेल्या पोराला पूर्ण वर्ष खेळवलं आणि तो रूकी ऑफ द इयर झाला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा नंबर मिळतो. २०२२ मध्ये हुलिओ रॉड्रिगेझमुळे मरिनर्सना तसा मिळाला. त्यामुळे आता गाजलेली पोरं मोसमाच्या पहिल्या दिवसापासून दिसण्याची शक्यता बरीच वाढली आहे, आणि मार्चमधल्या सराव सामन्यांच्या बातम्या वाचण्यात अर्थ आला आहे.

शेवटी तुमच्या लीगचा आकार. दहा संघ आणि प्रत्येकी पाचच नवखे ठेवायची मुभा असेल, तर १७ वर्षांच्या पोराला एक जागा देणं ही चैन आहे. तिथं वर्षभरात येणारे कॉलेजचे बॅटरच धरावेत. सोळा संघ आणि पंचवीस-तीस जागा असतील तर ती पोरं पाळा, पण वीस ठेवून दोन निघतील या हिशोबानं. तुमचा संघ पहिल्या तिघांत असेल तर ग्रिफिनसारखा पोरगा देऊन आजचा कर्ट्झ मागा. तळाशी असाल तर उलटा सौदा करा, आणि तोही लवकर. पोरगा वर येतोय अशी बातमी फुटते त्या आठवड्यात त्याचा भाव सगळ्यात जास्त असतो. डोमिंगेझ २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आला, पदार्पणात जस्टिन व्हरलँडरला होम रन मारला, आठ सामन्यांत चार मारले, आणि त्याच महिन्यात कोपर गेलं. ज्यांनी तिसऱ्या-चौथ्या सामन्याला त्याला विकला, त्यांना त्या हिवाळ्यात ट्रेडसाठी कोणाच्या मागे लागावं लागलं नाही.