सव्वा टक्क्याचा हिशेब: जहाजाचा दलाल, फॉरवर्डर की थेट मालक?

अख्खं जहाज भाड्याने घ्यायची वेळ पहिल्यांदा आली की निर्यातदार हमखास विचारतो, "दलालाचा सव्वा टक्का वाचवता येईल का?" सव्वा टक्का म्हणजे मालाला जहाज मिळवून देणाऱ्या दलालाची भाड्यावरची दलाली. कधीकधी ती वाचते. पण आधी माल किती आणि कसला ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

दोन-चार कंटेनरपासून पन्नासेक कंटेनरपर्यंतचा माल असेल तर जहाजाच्या दलालाकडे जाऊच नका. द्राक्षं, कांदा, यंत्रांचे सुटे भाग, कापड हा सगळा माल न्हावा शेव्याहून ठरलेल्या फेऱ्यांच्या जहाजांनी जातो. तिथे चांगला फॉरवर्डर गाठा. तो शिपिंग लाइनकडून दर आणतो, कस्टम्सच्या कागदांचं बघतो, कंटेनर कारखान्यापर्यंत आणून देतो. त्याचा नफा दरातच मुरलेला असतो, म्हणून दर तीन ठिकाणांहून मागवा. फुकटचे दिवस किती आणि त्यानंतर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर ठेवून घेतल्याचा दंड, किती, हे लेखी घ्या. या कामाला एवढं पुरतं.

माल हजारो टनांवर गेला की गणित बदलतं. समजा, कोल्हापूर भागातली २५ हजार टन साखर ५० किलोच्या पोत्यांतून जयगडहून पाठवायची आहे. कंटेनरने न्यायची तर हजाराच्या आसपास कंटेनर लागतील. एक हँडीसाइज, म्हणजे लहान आकाराचं मालवाहू, जहाज तेवढी साखर एका फेरीत नेतं. दलालाचं काम इथे सुरू होतं.

हिशेबापुरतं भाडं टनाला ३० डॉलर धरू. एकूण भाडं साडेसात लाख डॉलर झालं आणि त्यावर १.२५ टक्के म्हणजे ९,३७५ डॉलर. ही दलाली बहुतेक वेळा जहाजमालक भाड्यातून देतो, पण दर सांगताना त्याने ती धरलेलीच असते. म्हणजे शेवटी जाते तुमच्याच खिशातून. हे दलालाने तुम्हाला सरळ सांगायला हवं.

आता याच सौद्यातली दुसरी रक्कम बघा. जहाज भरायला ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला तर डेमरेज बसतं. ते दिवसाला १५ हजार डॉलर धरू. ही मुदत कधीपासून मोजायची, यावर पैसा फिरतो. सुट्या मालासाठी सर्रास वापरला जाणारा छापील करार म्हणजे जेनकॉन. त्याच्या १९९४च्या मसुद्यात लिहिलंय की जहाजाने 'तयार आहे' अशी नोटीस दुपारी १२ पर्यंत दिली तर मोजणी त्याच दिवशी १ वाजता सुरू होते, आणि १२ नंतर दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ला. नोटीस पावणेबाराला आली की सव्वाबाराला, यात १७ तासांचा फरक पडतो. पुढे भरायला उशीर झालाच तर वरच्या दराने हे १७ तास १०,६२५ डॉलरचे होतात. दलालाची सगळी दलाली त्या अर्ध्या तासात वसूल होते.

मी फोर्टात एका निर्यातदाराकडे चार्टरिंगचं, म्हणजे जहाजं भाड्याने घेण्याचं, काम बघत होतो तेव्हाची गोष्ट. साखरेसाठी घेतलेल्या जहाजाने सकाळी ११:४० ला नोटीस दिली. दुपारी तपासणीला आलेला सर्व्हेअर दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कोठारात, उतरला आणि फ्रेमच्या कडेवरून बोट फिरवून वर आला. बोट काळं. आधीच्या फेरीतला कोळसा कोपऱ्यांत तसाच होता. होल्ड धुतले, वाळवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ते पास झाले. सौदा ठरवताना आमच्या दलालाने एक कलम जादा घालून घेतलं होतं: होल्ड पास झाल्याशिवाय नोटीस ग्राह्य नाही. त्यामुळे मोजणी पहिल्या दिवशीच्या दुपारी १ ऐवजी तिसऱ्या दिवशी सकाळी ६ ला सुरू झाली. म्हणजे ४१ तास पुढे गेली. मला तेव्हा हे कलम सुचलं नसतं. त्याला सुचलं, कारण कोळशानंतर साखर भरणारी जहाजं त्याने आधी पाहिलेली होती.

मग थेट मालकाकडे कधी जायचं? दर महिन्याला तोच माल, तेच बंदर, तोच ग्राहक असेल आणि लेटाइमचा, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या मुदतीचा, तक्ता वाचणारा माणूस तुमच्याच ऑफिसात बसत असेल, तर जरूर जा. वर्षभराचा करार करा. मात्र दर बांधताना बाजाराचा स्वभाव ध्यानात ठेवा. २० मे २००८ ला बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा निर्देशांक, ११,७९३ वर होता आणि त्याच वर्षीच्या ५ डिसेंबरला ६६३ वर. त्या मे महिन्यात ज्यांनी वर्षाचा दर बांधला, त्यांना डिसेंबरात काय वाटलं असेल! थेट जाण्यात आणखी एक उणीव आहे. मालक तुम्हाला त्याचीच जहाजं दाखवणार. शेजारच्या बंदरात रिकामं होणारं दुसऱ्याचं जहाज स्वस्तात मिळतंय, हे तो कशाला सांगेल?

दलालीतही खोट आहेच. जेनकॉनप्रमाणे दलाली डेमरेजवरही मिळते, म्हणजे तुमचं नुकसान वाढलं की त्याचीही कमाई थोडी वाढते. शिवाय त्याला सौदा व्हायला हवा असतो. न झालेल्या सौद्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून 'आजच घ्या, उद्या दर चढेल' म्हणणारा दलाल मला आवडत नाही. दर का चढेल, कुठली जहाजं त्या तारखांना मोकळी आहेत, हे जो नावानिशी सांगतो त्याच्याशी बोलावं.

बरेच नवे लोक आणखी एक चूक करतात: एकच माल पाच दलालांकडे देतात. तीच साखर पाच ईमेलांतून बाजारात फिरते, मालकांना वाटतं मागणी वाढली, आणि दर चढतो. एकाला द्या, फार तर दोघांना, आणि ते एकमेकांना माहीत असू द्या.

दलाल निवडताना मी त्याला विचारतो की जहाज देणारा खरा मालक आहे की ते भाड्याने घेऊन पुढे देणारा? मधल्या माणसाने भाडं वर पोहोचवलं नाही तर खरा मालक माल अडवून धरू शकतो, तुम्ही पैसे देऊन बसलेले असलात तरी. जहाज कुठल्या पी अँड आय क्लबात, म्हणजे जहाजमालकांच्या जबाबदारीचा विमा उतरवणाऱ्या संस्थेत, आहे? वय किती? जुन्या जहाजावरच्या मालाला विमा कंपनी जादा हप्ता मागते. आणि शेवटचे तीन माल कुठले? या प्रश्नांची उत्तरं दुपारपर्यंत न देणाऱ्या दलालाला सव्वा टक्का कशासाठी द्यायचा?

या २५ हजार टनांसाठी मी डोळे झाकून दलालाकडे जाईन. पाच हजार टनांच्या आत असेल तर आधी कंटेनरचा दर काढेन आणि मगच ठरवेन.

सौदा ठरत आला की दलाल सगळ्या अटींचा रिकॅप, म्हणजे गोषवारा, ईमेलने पाठवतो. तुमचे 'सब्जेक्ट्स', म्हणजे होकार देण्याआधी राखून ठेवलेल्या अटी, उचलले की सौदा बांधला गेला. सही व्हायची असली तरी मागे फिरता येत नाही. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचं ब्रीदच 'आमचा शब्द हाच आमचा करार' असं आहे आणि हा धंदा आजही तसाच चालतो. म्हणून सब्जेक्ट्स उचलण्याआधी तो रिकॅप कागदावर छापून घ्या आणि दलालाला फोनवर धरून एकेक ओळ वाचा: भरण्याचा दर, पावसाचे तास धरायचे की नाही, रविवार धरायचा की नाही, आणि नोटीस किती वाजता.