इंजिन बंद, एसी चालू: ट्रकवरचा २४ व्होल्टचा रूफ एसी वापरून झाल्यावर

थंड करतो का? करतो, झकास करतो. हे आधीच सांगून टाकतो कारण बॅटरीवरचा पार्किंग एसी म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात आणि खरं विचारायचं ते राहूनच जातं, की पहाटेपर्यंत टिकतो का आणि सकाळी गाडी स्टार्ट होते का. रिमोट कसा आहे, निळी लाईट कशी दिसते याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

युनिट म्हणजे केबिनच्या छतावरच्या हॅचमध्ये (झाकणाच्या खिडकीत) बसणारा, सगळं एकाच खोक्यात असलेला एसी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असे बरेच आहेत आणि जे सांगतोय ते सगळ्यांनाच लागू आहे. स्प्लिट टाईप पण मिळतो, बाहेरचं युनिट केबिनच्या पाठीवर आणि आतलं आत, पण त्यात मधल्या पाइपांचे जॉइंट आले, आणि ट्रकच्या हादऱ्यात जॉइंट म्हणजे आज ना उद्या गॅस लीक. एका खोक्यातल्याचा गॅस फॅक्टरीतच भरून सील केलेला असतो. (कुणी तुम्हाला "गॅस संपला, दर सीझनला भरावाच लागतो" म्हणालं तर त्याला लीक शोधायला सांगा, गॅस म्हणजे काय डिझेल आहे का संपायला.)

आता हे बसवायचं कशाला ते. गाडीचा मूळ एसी इंजिनच्या बेल्टवर चालतो, इंजिन बंद की कॉम्प्रेसर बंद, मग रात्री झोपायचं तर गाडी चालू ठेवून झोपायचं. मोठं इंजिन नुसतं आयडलला ठेवलं तरी तासाला अडीच-तीन लिटर पितं, आठ तासांचा हिशोब लावा, वीस लिटरच्या पुढे गेलात, ते पण एका माणसाला झोप लागावी म्हणून. वर धूर आणि शेजारच्या गाडीवाल्याच्या शिव्या वेगळ्याच.

माहितीपत्रकातल्या बीटीयूवर (हे थंडाव्याचं माप) मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या एसीवर १२,००० लिहिलंय. युनिट फुल लोडला ३५ अँपिअर घेतं, म्हणजे २४ गुणिले ३५, साधारण ८४० वॅट. कडक उन्हात असा छोटा एसी जेवढी वीज खातो त्याच्या दोन-अडीच पट थंडावा देतो असं धरलं तरी २,१०० वॅट झाले, बीटीयूत सात हजारांच्या आसपास. १२,००० म्हणजे घरातला एक टनाचा एसी झाला, तेवढं या करंटवर निघणं अवघड आहे. पण सात हजार पण केबिनला पुष्कळ होतात, तक्रार थंडाव्याची नाहीच, छापणाऱ्याची आहे.

खरा खेळ बॅटरीचा. १८० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो ते) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्टला १८०च एएच मिळतात, ३६० नाही, हा घोळ खूप जणांचा होतो. लेड अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून वापरायला धरा ९०. फुल लोडवर हे जेमतेम अडीच तास पुरतात. पण कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचा आहे, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, केबिन एकदा गार झाली आणि सेटिंग २६ वर ठेवलं की करंट १८ च्या आसपास येऊन बसतो, मग पाच तास निघतात. १८ डिग्री लावून वर ब्लँकेट घेणाऱ्यांनी पाच तासांची अपेक्षा ठेवू नये.

आणि आता फिटिंग, कारण माझं डोकं फिरलं ते इथेच. बसवल्यावर एसी दोन तासांतच कटऑफ मारायचा, ड्रायव्हर म्हणे बॅटरी गेली, बॅटरीवाला म्हणे एसीत फॉल्ट, फिटिंगवाला फोनच उचलेना. शेवटी मीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या टर्मिनलवर २४.४ व्होल्ट आणि वर युनिटच्या टर्मिनलवर २३.२! मधे सहा मीटर जायची, सहा मीटर यायची केबल, आणि ती होती ६ स्क्वेअर एमएमची. ३५ अँपिअरला एवढ्या बारीक तांब्यात सव्वा व्होल्ट वाटेतच जिरतो, एसीला वाटतं बॅटरी उतरली, तो बिचारा बंद पडतो. २५ स्क्वेअर एमएमची केबल टाकली, आता पाव-एक व्होल्टच जातो, एसी तोच, बॅटऱ्या त्याच, आणि पहाटेपर्यंत चालतो. फ्यूज पण बॅटरीच्या अगदी जवळ घ्या, फिटिंगवाल्याने वर युनिटपाशी बसवला होता, म्हणजे मधे केबल कुठे घासून बॉडीला टेकली असती तर फ्यूज उडालाच नसता आणि केबल पेटली असती. एवढं साधं ज्याला कळत नाही तो गाडीचं छत कापायला घेतो, कमाल आहे.

कटऑफचं सेटिंग, म्हणजे किती व्होल्टला एसीने स्वतः बंद व्हायचं ते, पण बघून घ्या. माझ्यात फॅक्टरीतून २१.५ होतं, स्टार्टरच्याच बॅटरीवर एसी असेल तर तेवढ्यावर सकाळी नुसतं टकटक ऐकू येणार. मी २३ केलंय.

वापरायची एक पद्धत सांगतो, फुकटची आहे. दिवसभर तापलेली केबिन या एसीने गार करायला जाऊ नका. गाडी लावायच्या आधीचा अर्धा तास इंजिनचा एसी फुल ठेवा, पडदे ओढा, पुढच्या काचेवर रिफ्लेक्टर लावा, मगच इंजिन बंद करून हा चालू करा, याचं काम गारवा टिकवायचं. रीफर (थंड माल नेणाऱ्या) गाडीवाल्यांना हे पाठ असतं, त्यांचं युनिट पण माल थंड ठेवायला असतं, गरम माल थंड करायला नाही, म्हणून बॉडी आधी प्री-कूल करतात आणि माल गारच चढवतात. तसं बघितलं तर अमेरिकन संशोधक फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्सने ट्रकच्या मालासाठी कूलिंग युनिट १९३०च्या दशकाच्या शेवटी बनवलं, आणि ते चालवणारा माणूस अजून कित्येक ठिकाणी ओला पंचा डोक्याला गुंडाळून बसलाय!

लिथियम घ्यावी का? लांबच्या पल्ल्याला रोज झोपणार असाल तर हो. २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे १६० एएच, त्याच १८ अँपिअरला जवळपास नऊ तास. पण ती थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जोडू नका, मिळेल तेवढा करंट ती ओढते आणि आयडलला अल्टरनेटर तापून जळू शकतो, मधे करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. शून्याखालच्या थंडीत ती चार्ज पण करायची नाही. लेडवाल्यांना वेगळी अडचण, शेवटचे २० टक्के भरायला लेड फार वेळ घेते, म्हणून छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि लवकर मरते.

बाकी किरकोळ. हॅचचं रबर थोडी गाडी चालल्यावर परत कसावं लागतं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, नाहीतर पहिल्या पावसात गादी भिजते. गाडी उतारावर लावली की ड्रेनचं पाणी उलटं आत येतं, ही डिझाइनचीच खोट आहे. उंची वाढते, कमी उंचीच्या गेटखाली सांभाळा. कंडेन्सरच्या जाळीत धूळ बसली की करंट चढतो आणि थंडावा उतरतो, हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन्स आडव्या होतील.

पोकलेन किंवा लोडरला हा बसवू का असं विचारत असाल तर नको. तिथे काम चालू तोवर इंजिन चालूच असतं, मूळचा एसी गार करत नसेल तर आधी केबिन फिल्टर काढून झटका आणि कंडेन्सर धुवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.