‘लेव्हायथन’: आठ महिने आणि दोन वाचनांनंतर

स्कॉट वेस्टरफेल्डची ‘लेव्हायथन’ (२००९) ही कादंबरी एकटी विकत घेऊ नका. साडेचारशेच्या आसपास पानं झाल्यावर गोष्ट ऐन रंगात तुटते. ‘बेहेमोथ’ (२०१०) आणि ‘गोलायथ’ (२०११) हे पुढचे दोन भाग हाताशी असतील तरच सुरुवात करा.

काळ १९१४चा, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचा. ऑस्ट्रिया-जर्मनीकडे पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं आहेत, ते ‘क्लँकर’. ब्रिटनकडे आनुवंशिकतेचे धागे गुंफून घडवलेले प्राणी, ते ‘डार्विनिस्ट’. एकीकडे ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा मुलगा अलेक जीव वाचवत पळतोय, दुसरीकडे डेरिन नावाची स्कॉटिश मुलगी मुलगा बनून हवाईदलात शिरते. प्रकरणं आळीपाळीने दोघांची. दोघं समोरासमोर येईपर्यंत बराच मजकूर जातो आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतात. तेवढा टप्पा ओलांडा.

पुस्तक दुसऱ्या वाचनातही टिकतं, कारण इथल्या प्रत्येक यंत्राला आणि प्राण्याला स्वतःची गरज आहे. लेव्हायथन म्हणजे देवमाशापासून घडवलेलं हवाई जहाज. त्यावरच्या मधमाश्या मध आणतात, तो मध जहाजाच्या आतड्यातले जीवाणू खातात आणि हायड्रोजन सोडतात. म्हणजे खाणं थांबलं की तरंगणंही थांबलं. हे जहाज जखमी होऊन आल्प्सच्या बर्फात पडतं, तेव्हा आसपास फूल नाही की दाणा नाही. त्यामुळे अन्न मिळवणं हाच युद्धातला प्रश्न होतो आणि कथानकाची मुख्य कळ तिथेच आहे. समुद्रसपाटीला एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो वजन उचलतो. हा आकडा डोक्यात ठेवून वाचलं, तर जहाजावर वजनाची एवढी काटेकोर मोजदाद का चालते ते लगेच उमगतं. वटवाघळं धातूचे टोकदार तुकडे गिळतात आणि तांबडा झोत पडला की बिचकून ते शत्रूवर टाकतात. तेही आधी पोटात काही गेलं असेल तरच.

क्लँकरांची बाजू भौतिकशास्त्राच्या कसोटीवर कमी पडते. यंत्राची उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायाचा छेद चौपटच वाढतो. त्यात अलेकच्या दोन पायांच्या ‘स्टॉर्मवॉकर’ या यंत्रामध्ये दर पावलाला सगळा भार एकाच पायावर येतो, त्यामुळे मऊ जमिनीत तो रुतायला हवा. तरीही तो चालवायला शिकण्याचा भाग उत्तम जमलाय. तोल जाणं, मागे राहणारे ठसे, आकाशात दिसणारा धूर, संपत आलेलं इंधन, हे सगळं लेखकाने प्रामाणिकपणे हिशेबात धरलंय.

इतिहासाच्या बाबतीत मुलांना एक गोष्ट आधीच सांगा: अलेक काल्पनिक आहे. खऱ्या आर्चड्यूकला सोफी, मॅक्सिमिलियन आणि अर्न्स्ट अशी तीन मुलं होती. त्याने १९०० साली सोफी शोटेकशी केलेला विवाह असमान दर्जाचा मानला गेला, म्हणून या मुलांना गादीचा हक्क नव्हता. कादंबरीतला वारसाहक्काचा पेच याच खऱ्या गोष्टीवर उभा आहे. कादंबरीतलं डॉ. नोरा बार्लो हे पात्र मात्र खऱ्या व्यक्तीवरून घेतलंय: नोरा बार्लो प्रत्यक्षात होऊन गेल्या, त्या चार्ल्स डार्विनची नात. दुसऱ्या भागाच्या मुळाशीही खरी घटना आहे: ऑस्मानी साम्राज्यासाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या युद्धनौका १९१४मध्ये चर्चिलने ताब्यात घेतल्या होत्या. खरं काय आणि रचलेलं काय, हे शेवटच्या टिपणात लेखक स्वतः सांगतो. ते टिपण गोष्ट संपल्यावरच वाचा.

छापील प्रतच घ्या. कीथ थॉम्पसनची कृष्णधवल चित्रं हा मजकुराचाच भाग आहे. सहा पायांचे हायड्रोजन हुंगणारे कुत्रे नुसत्या वर्णनातून डोळ्यांपुढे येत नाहीत, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर चित्रातले बारकावे हरवतात. पुठ्ठ्याच्या आत युरोपचा नकाशाही आहे, त्यात एकेक देश प्राणी किंवा यंत्र म्हणून रंगवलाय. तो आधी नीट बघितला तर कोण कोणाच्या बाजूने हे सारखं मागे उलटून पाहावं लागत नाही.

इंग्रजी कठीण नाही, पण डेरिनच्या तोंडची बोली आणि बनावट शिव्या शब्दकोशात शोधत बसू नका. संदर्भावरून त्या दहाएक पानांत कळू लागतात. मराठी माध्यमातल्या आठवी-नववीच्या वाचकाला सुरुवातीला अडखळायला होईल. त्याच्यासाठी अ‍ॅलन कमिंगने वाचलेली ध्वनिआवृत्ती लावून समोर छापील पान ठेवायचं. कमिंग स्वतः स्कॉटिश असल्यामुळे डेरिनचा सूर बरोबर कानावर पडतो. रोज दोन प्रकरणं पुरे.