अडकलेला ऑइल फिल्टर आणि चार प्रकारचे पाने: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. घरी ऑइल बदलणाऱ्याने एकच पाना घ्यायचा असेल तर आपल्या फिल्टरच्या मापाचा कप पाना (डब्याच्या टोकावर टोपीसारखा चढणारा) घ्यावा, जाड ॲल्युमिनियमचा. दुसराही घेणार असाल तर अर्ध्या इंची ड्राइव्हचा, म्हणजे दांडा बसायला अर्ध्या इंचाचा चौकोन असलेला, नायलॉन पट्टा. तीन पंज्यांचा पाना दिसायला सगळ्यांत दणकट, पण त्याचा नंबर शेवटचा. पोलादी पट्टीचा, मूठवाला पाना मधेच कुठेतरी. कार आणि मोटारसायकल दोन्हींवर हे चारही वापरल्यावर क्रम असा लागला, आणि तो पान्याच्या ताकदीवरून लागलेला नाही. फिल्टरचा पत्र्याचा डबा न चेपता पहिला पाव फेरा कोण काढून देतो, एवढंच पाहिलं.

फिल्टर आट्यांत अडकतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. आटे तर कायम ऑइलात भिजलेले, तिथे गंज धरायला जागाच नाही. खरी पकड रबरी गॅस्केटची, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्याची. इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. या चक्रात गॅस्केट बैठकीच्या, म्हणजे इंजिनावर फिल्टर जिथे टेकतो त्या जागेच्या, धातूला चिकटतं आणि हळूहळू कडक होतं. बसवताना त्याला ऑइल लावलं नसेल तर ते आवळतानाच कोरडं ओढलं जातं, पिळवटतं, आणि चिकटायला तिथूनच सुरुवात होते. त्यात मागच्या वेळी कोणी पाना लावून आवळला असेल तर विचारायलाच नको. म्हणून आटे मोकळे करणारा स्प्रे डब्याच्या मुळाशी मारून वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. चिकटलेल्या गॅस्केटखाली तो शिरत नाही, डबा मात्र निसरडा करून ठेवतो.

दुसरी गोष्ट डब्याच्या घडणीची. पत्रा पातळ असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आटे असलेली तळाची तबकडी मात्र जाड, आणि पत्रा तिच्या कडेला दुमडून बसवलेला. त्यामुळे गॅस्केटच्या बाजूला डबा ताठ असतो, बंद टोकाशी घुमटामुळे आणि खाचांमुळे बऱ्यापैकी ताठ, आणि मध्यावर अगदीच लेचापेचा. पट्टा मध्यावर लावून जोर केला की डबा चेपतो, चेपला की पट्टा सैल पडतो, मग आणखी आवळावा लागतो. अडकलेले बहुतेक फिल्टर इथेच हाताबाहेर जातात.

पाना कोणताही असो, ड्रेन प्लग (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) उघडण्याआधी फिल्टर सैल होतो का ते बघा. हलला, तर परत हाताने घट्ट करा आणि मग ऑइल काढायला घ्या. हललाच नाही, तर इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइल शाबूत आहे, गाडी चालवत वर्कशॉपपर्यंत नेता येते. हाच क्रम उलटा केला आणि डबा फाटला, तर गाडी जॅक स्टँडवर, चेंबर रिकामा आणि नवा फिल्टर खोक्यातच.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करून घ्या. गॅस्केट जरा मऊ पडतं, शिवाय ॲल्युमिनियमची बैठक पोलादी डब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते. पण लांबचा प्रवास संपवून लगेच हात घालू नका. ऑइल तेव्हा 90 अंशांच्या आसपास असतं आणि एक्झॉस्ट त्याहून कितीतरी गरम. फिरवण्याची दिशा डब्याच्या बंद टोकाकडे बघून ठरवायची: घड्याळाच्या काट्यांच्या उलट. गाडीखाली पडून बंद टोक समोर दिसत असेल तर गोंधळ होत नाही. बॉनेटमधून वाकून, बंद टोक खाली असलेल्या फिल्टरला हात घातला की दिशा उलटी भासते, आणि आधीच अडकलेला फिल्टर आणखी आवळला जातो.

आता कप पाना. हा डब्याच्या बंद टोकावरच्या खाचांवर चढतो, जोर परिघावर सगळीकडे सारखा वाटला जातो, म्हणून डबा पिचत नाही. घेताना दोन आकडे लागतात, व्यास आणि खाचांची संख्या. बऱ्याच मोटारसायकलींवर आणि छोट्या कारवर 65 मिलिमीटर, 14 खाचा हे माप दिसतं. 74 ते 76 मिलिमीटरच्या घरात 14 खाचांचेही असतात आणि 15 खाचांचेही. व्यास जुळला आणि खाचा जुळल्या नाहीत तर पाना चढल्यासारखा वाटतो आणि जोर लागताच खाचा खाऊन टाकतो. फिल्टरची कंपनी बदलली की खाचाही बदलू शकतात, त्यामुळे पाना पुढच्या फिल्टरसाठी घेताय की आत्ता बसलेल्या, हे आधी ठरवा. वीस-तीस कपांचा संच दिसायला भारदस्त असतो, प्रत्यक्षात त्यातला एखादाच कामाला येतो आणि तोही बहुधा पातळ पत्र्याचा.

पातळ पत्र्याच्या कपाचं दुखणं काही महिन्यांत कळतं. तोंडाची कड किंचित फाकते, एरवी ते डोळ्यांना दिसतही नाही. सैल फिल्टरवर तो छान चालतो, अडकलेल्यावर टक्कन उडी मारतो. जाड ॲल्युमिनियमच्या कपात हे झालेलं नाही. आतल्या कडा थोड्या गुळगुळीत झाल्यात, पकड तशीच आहे. कप चढवताना रबरी हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत. डब्याचं टोक आणि कपाची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करायची, हे तर आधीच. तरीही सैल वाटला तर 80 नंबरच्या सॅंडपेपरची एक घडी मधे घाला, खरखरीत बाजू दोन्हीकडे येईल अशी. मग 75 किंवा 150 मिलिमीटरचं एक्स्टेन्शन आणि लांब दांड्याचा ब्रेकर बार. एक हात ब्रेकर बारच्या डोक्यावर दाबून धरायचा, दुसऱ्या तळहाताने दांड्याला आखूड झटका. कप पान्याला झटका चालतो, कारण तो खाचांत बसलेला असतो. पट्ट्याला झटका चालत नाही.

नायलॉन पट्टा त्या मानाने सहनशील. व्यास कुठलाही चालतो, खाचा गेलेल्या असल्या तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे तो डब्याच्या अगदी बुडाशी, दुमडीलगत लावता येतो, जिथे आत जाड तबकडी आहे. पट्टा एकावर एक न चढवता सपाट गुंडाळायचा, ओढण्याची दिशा आधी हाताने तपासायची, आणि जोर हळूहळू वाढवत न्यायचा. इथेही सॅंडपेपरची पट्टी कमाल करते. अडचण एकच: नायलॉन ऑइल पितो. काही महिन्यांनी पट्टा काळा पडतो आणि कोरड्या डब्यावरही घसरतो. भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवला की पकड बरीच परत येते, नवी होती तितकी नाही. याच जातीचे रबरी पट्टेही मिळतात. ते अडकलेल्या फिल्टरसाठी घेऊ नका. जोर लावला की ताणले जातात, आणि कालांतराने कडेला चिरा पडतात.

पोलादी पट्टीचा पाना बुडाशी लावायला जागा असेल तर चांगला. पण त्याच्या मुठीला फिरायला बरीच मोकळी जागा लागते आणि गाडीखाली नेमकी तीच नसते. पट्टी एकदा वाकली, तिला घडी पडली, की त्या जागी डब्याला टेकतच नाही. चेन पाना पकडतो उत्तम आणि डबाही उत्तम चेपतो.

पंज्यांच्या पान्यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बरेच जण सुरुवातच त्याने करतात. रॅचेट फिरवला की आतल्या गिअरमुळे तिन्ही पंजे आत येतात, डब्याला आवळतात आणि मग डबा फिरवतात. साधारण 60 ते 100 मिलिमीटरपर्यंतचे डबे एकाच पान्यात, ही सोय खरी. पण त्याची पकड आणि फिरवण्याचा जोर वेगळे करता येत नाहीत. फिल्टर जितका हट्टी तितके पंजे पत्र्यात खोल. पंजे लांब असतील आणि टोकं डब्याच्या मध्यावर आली तर तीन खड्डे पडतात, पत्रा कधी फाटतोही. त्यामुळे पाना डब्याच्या टोकावर पूर्ण खाली दाबून बसवायचा, पंज्यांची टोकं शक्य तितकी बुडाकडे न्यायची, आणि पहिल्या जोरात फिल्टर हलला नाही तर थांबायचं. तीन-चार वेळा जोर केल्यावर त्या डब्यावर दुसरा कुठलाही पाना बसणार नाही. वापरानंतर पंज्यांचे दाते बोथट झालेत, गिअरमध्ये खेळ आलाय, आणि ऑइल-धूळ बसल्यामुळे एक पंजा उशिरा मिटतो. गिअर उघडून धुता येतील असा स्क्रूवाला मिळाला तर तोच घ्यावा. मोटारसायकलवर एक्झॉस्टचा पाइप फिल्टरला खेटून जात असेल तर पंज्यांना फाकायलाच जागा मिळत नाही.

या कोणत्याही पान्याला इम्पॅक्ट गन (धक्के देत फिरवणारं यंत्र) लावू नका. पत्र्याचा डबा गॅस्केटच्या आधी हार मानतो.

डब्यातून आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. ती अगदीच कुचकामी नाही, पण परतीचा रस्ता बंद करणारी आहे. भोक पडलं की गाडी चालवता येत नाही. पत्रा पातळ असल्याने स्क्रू ड्रायव्हर डबा फिरवण्याऐवजी पत्रा चिरत जातो, आणि भोकातून गरम ऑइल थेट बाहीत येतं. करायचंच झालं तर भोक बुडाजवळ पाडा, पण तबकडीपासून दोनेक सेंटिमीटर सोडून, नाहीतर टोक मधल्या पोकळ स्टडवर, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून बसतो त्या आट्यांच्या नळीवर, आपटतं. त्या स्टडचे आटे बिघडले तर खर्च फिल्टरचा राहत नाही.

डबा फाटून नुसती तबकडी बैठकीवर उरली, तरी मार्ग आहे. तबकडीत ऑइल आत जायची छोटी भोकं गोलाकार असतात. अणकुचीदार पक्कडीची दोन टोकं समोरासमोरच्या भोकांत घालून फिरवून बघा. नाहीतर बोथट छिन्नी तबकडीच्या कडेला तिरकी टेकवून, घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके द्या, एकदा एका बाजूने, एकदा समोरच्या. छिन्नीचं टोक बैठकीकडे कधीच वळवू नका. बैठक ॲल्युमिनियमची असते, तिच्यावर एक ओरखडा पडला की नवा फिल्टर कितीही आवळा, ऑइल झिरपत राहतं.

काही इंजिनांत फिल्टर थेट ब्लॉकवर नसतो, मधे ऑइल कूलर असतो. फिल्टरबरोबर कूलरच फिरतोय असं दिसलं तर लगेच थांबा, त्याच्या नळ्या वाकतात. एका हाताने कूलर धरून मगच पुढे. तसंच कधीकधी पोकळ स्टडच फिल्टरसोबत बाहेर येतो. तो डब्यातून काढून, आटे स्वच्छ करून, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने परत बसवायचा.

ज्या गाड्यांत डबा नसून प्लास्टिकच्या टोपणाखाली कागदी काडतूस असतं, तिथे फक्त कप पाना किंवा टोपणावर षटकोन असेल तर त्या मापाचा सॉकेट. पंजे, पट्टी, चेन, काहीही नको. प्लास्टिक आधी पांढरं पडतं, मग तडकतं. अनेक टोपणांवर 25 न्यूटन-मीटर हा आकडा कोरलेलाच असतो आणि तो पाळला तर पुढच्या वेळी टोपण बिनबोभाट निघतं. ओ-रिंग (टोपणाची रबरी रिंग) दरवेळी नवी, ऑइल लावून, तिच्यासाठी असलेल्या खाचेतच. एक खाच वर-खाली झाली की गळतं.

फिल्टर निघाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघायचं: रबरी गॅस्केट त्याच्यासोबत आलंय का? अडकलेल्या फिल्टरचं गॅस्केट बैठकीलाच चिकटून राहण्याची शक्यता जास्त. त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन गॅस्केट एकमेकांवर येतात, दाब वाढला की वरचं बाहेर फेकलं जातं आणि काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. बोट फिरवून बैठक तपासा, बिनधाग्याच्या कपड्याने पुसा. उरलेला रबराचा तुकडा प्लास्टिकच्या पातीने खरवडा, धातूच्या नाही.

नव्या फिल्टरच्या गॅस्केटला ताज्या ऑइलचा पातळ हात फिरवायचा. फिल्टर हाताने फिरवत न्यायचा, गॅस्केट बैठकीला टेकलं की डब्यावर मार्करने खूण करायची, आणि तिथून डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेक ठिकाणी पाऊण ते एक फेरा. आट्यांची पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) 1.5 मिलिमीटर असेल तर पाऊण फेऱ्यात गॅस्केट साधारण 1.1 मिलिमीटर दाबलं जातं, गळती थांबायला एवढं पुरतं. पान्याने आणखी थोडं आवळण्याचा मोह होतो. गळती त्यामुळे कमी होत नाही, पुढच्या वेळचं सोडवणं तेवढं अवघड होतं. हात पोचत नसेल आणि पाना लावावाच लागला तर तो खुणेवर नजर ठेवून, फेरा मोजून. मग इंजिन मिनिटभर चालवून कडेने ओल दिसते का पाहायची, बंद करून ऑइल खाली उतरू द्यायचं आणि डिपस्टिक बघायची.

त्याच मार्करने डब्यावर तारीख, किलोमीटर आणि किती फेरा आवळला ते लिहून ठेवा. हे फिल्टर बसवण्याआधी, डबा कोरडा असतानाच लिहायचं. ऑइलचा हात लागलेल्या पत्र्यावर मार्कर उमटत नाही. फेऱ्याचा आकडा तेवढा शेवटी भरावा लागतो, त्यासाठी डब्याचं टोक कोरडं ठेवा.