सेकंड हँड नेक्सॉन ईव्ही मॅक्स घेतली, नवीन का नाही घेतली ते सविस्तर

२०२४ च्या दिवाळीपासून घरात एकच विषय होता, ईव्ही घ्यायची हे पक्कं पण नवीन की वापरलेली? शेवटी २०२५ च्या सुरुवातीला आम्ही २०२२ च्या शेवटी रजिस्टर झालेली टाटा नेक्सॉन ईव्ही मॅक्स सेकंड हँड घेतली. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहितेय, कारण मला सारखे मेसेज येतात की जुनी ईव्ही घेणं म्हणजे रिस्क नाही का, बॅटरी गेली तर काय.

आधी आमचं वापराचं गणित सांगते कारण त्यावरच सगळं ठरतं. राहतो कोथरूडला, नवऱ्याचं ऑफिस चाकणला, रोजचं जाऊन येऊन साठ-सत्तर किलोमीटर, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कराडजवळ सासरी, एका बाजूने १६०-१७० किमी आणि मध्ये खंबाटकी घाट. म्हणजे छोटी बॅटरी चालणार नव्हती. टियागो ईव्ही २४ किलोवॅट-अवर (म्हणजे २४ युनिट) बॅटरीची चालवून बघितली, शहरात मस्त आहे गाडी, पण कराडला एसी लावून चार माणसं आणि सामान घेऊन जायचं तर पोचेपर्यंत डोळे टक्केवारीवरच राहणार. नवीन घ्यायची तर समोर पंच ईव्हीची ३५ वाली, नवीन नेक्सॉन ४५ वाली जी तेव्हा एक्स-शोरूमच चौदा लाखांपासून पुढे होती, आणि एमजी विंडसर. विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये अशी स्कीम होती. ऐकायला स्वस्त वाटतं, पण महिन्याला दीड हजार किमी पकडले तरी सव्वापाच हजार रुपये बॅटरीचे, चार्जिंगची लाईट वेगळी. आमच्यासारख्या रोज गाडी चालवणाऱ्यांना ते परवडणारं वाटलं नाही.

नवीनच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे आणि ती लोक हिशोबात धरत नाहीत. महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्स माफ आहे त्यामुळे पेट्रोल गाडीसारखा ऑन-रोडला लाख-दीड लाखाचा झटका बसत नाही, जीएसटी पण पाचच टक्के. म्हणून वापरलेली घेताना विकणारा जुन्या ऑन-रोड किमतीवरून सूट सांगत असेल तर अजिबात ऐकू नका, आजची नवीन गाडी आज कितीला पडते त्याच्याशी तुलना करा. मॅक्स मे २०२२ मध्ये १७.७४ लाखांपासून सुरू झाली होती. मग बॅटरीचे सेल स्वस्त झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने स्वतःच नेक्सॉन ईव्हीच्या किमती एक लाख वीस हजारांपर्यंत कमी केल्या, त्यानंतर ४५ वाली जास्त रेंज घेऊन कमी किमतीत आली. पहिल्या मालकाला याचा फटका बसला आणि आपल्यासारख्या दुसऱ्या मालकाचा फायदा झाला. आम्हाला गाडी साडेदहा लाखांच्या आत मिळाली.

आम्ही बघत होतो तेव्हाच डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलची बातमी आली आणि सगळीकडे बोंब झाली की जुन्या ईव्हीवर १८ टक्के टॅक्स. नीट वाचलं तर तो डीलरच्या मार्जिनवर (त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर) आहे, पूर्ण किमतीवर नाही, आणि एका माणसाने दुसऱ्या माणसाला थेट गाडी विकली तर लागतच नाही. आम्ही थेट मालकाकडूनच घेतली.

आता मुद्द्याचं, बॅटरी. वापरलेल्या ईव्हीत तुम्ही खरं तर वॉरंटीची उरलेली वर्षं विकत घेत असता, बाकी सीट, टचस्क्रीन, सनरूफ हे सगळं नंतर. या गाडीला बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी आहे, रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून, आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते. म्हणजे आमची २०३० च्या शेवटापर्यंत. किलोमीटरची अट पण बघा, कारण आम्हाला एक २०२१ ची गाडी दाखवली होती चकाचक पॉलिश केलेली, मीटर ९५ हजारच्या पुढे, तिची वर्षं शिल्लक होती पण आमच्या रनिंगने किलोमीटर आधी संपले असते. गाडी टॅक्सीत वापरलेली नाही ना तेही बघा, हिरव्या नंबर पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे टॅक्सी पासिंग, पांढरी म्हणजे प्रायव्हेट, पण पाटी बदललेली असू शकते म्हणून आरसीवरची हिस्टरी बघायचीच. आणि हे "लाइफटाइम वॉरंटी" प्रकरण नीट समजून घ्या, विंडसरची आणि जुलै २०२५ पासून नेक्सॉन ४५ ची पण लाइफटाइम बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकालाच आहे, गाडी विकली की परत आठ वर्षं. दहा-बारा वर्षं एकच गाडी वापरणारे असाल तर इथे नवीन घेणंच शहाणपणाचं, हे मी वापरलेली घेऊन सुद्धा सांगते.

आम्ही चेक कसं केलं ते लिहिते कारण हे कुणी सांगत नाही. गाडीचे मालक औंधचे एक रिटायर्ड काका होते, त्यांच्या पार्किंगमध्ये चार्जरला वेगळा सबमीटर लावलेला. मी विचारलं की काका, गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरवून एकदा रात्रभर तुमच्याकडेच फुल चार्ज करून बघू का, ते म्हणाले, "बिनधास्त करा ताई, मी पण बघतो." संध्याकाळी सबमीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, सकाळी १०० झाल्यावर परत काढला. हिशोब सोपा आहे, बॅटरी ४०.५ युनिटची, तिचे ८० टक्के म्हणजे साधारण साडेबत्तीस, त्यावर चार्जिंगमध्ये वाया जाणारी लाईट धरली की मीटरवर पस्तीसच्या आसपास युनिट पडायला पाहिजेत. तेवढेच पडले. जर सत्तावीस-अठ्ठावीसच पडले असते तर बॅटरी आतून बसलीय असं समजून आम्ही तिथूनच हात जोडून निघालो असतो. याशिवाय सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट काढून घेतला, पण मला मीटरवर जास्त विश्वास. काकांनी एक चांगली सवय पण सांगितली, या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत, त्यांना आठवड्यातून एकदा तरी पूर्ण १०० पर्यंत हळू चार्ज करायचं, नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवायला लागते आणि ३० दिसताना अचानक खाली येते.

अजून एक, मॅक्समध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर ऑप्शनल होता, बेसिक गाडीत ३.३ चाच. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. ३.३ वालीला फुल व्हायला पंधरा तासांच्या वर लागतात, ७.२ ला साडेसहा. रोज चाकण करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे, म्हणून ओरिजिनल इन्व्हॉइस बघून मगच टोकन द्या.

गाडी चालवायला कशी आहे? सुंदर. शांत, पिकअप जबरदस्त, खंबाटकीला ट्रकच्या मागून काढताना गिअरचा विचारच नाही. एका फुल चार्जला कंपनीचा आकडा ४३७ किमीचा, आम्हाला अडीचशे ते पावणेतीनशे मिळतात, हायवेला शंभरच्या वर ठेवली की अजून कमी. कराडला एका दमात पोचतो आणि थोडं शिल्लक राहतं. घाटात चढताना टक्के पटापट जातात, उतरताना रिजन (गाडी हळू होताना वीज परत बॅटरीत भरायची सोय) तीनवर ठेवलं की थोडे परत येतात आणि ब्रेकला पाय लावावाच लागत नाही.

सासरी पहिल्यांदा चार्जिंगला लावली तर सुरूच होईना, चार्जरवर लाल दिवा. घरात अर्थिंगच धड नव्हतं. फ्रीज, टीव्ही, मोटार सगळं वर्षानुवर्षं चालू होतं म्हणून कुणाला कळलंच नाही. भाऊजींनी वायरमन बोलावला, त्याने परसात खड्डा घेऊन प्लेट टाकून मीठ-कोळसा भरून नवीन अर्थिंग केलं, नवीन पंधरा अँपिअरचा बोर्ड बसवला, तेव्हापासून काही त्रास नाही. सासूबाईंना तर गाडीपेक्षा त्याचाच आनंद जास्त, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या त्या बंद झाल्या. गाव असेल तर हे आधी करून घ्या, नवीन गाडी असो की जुनी.

खर्च काय काय आला ते पण लिहिते. चारही टायर बदलावे लागले, गाडी जड आहे त्यामुळे टायर खाते, ते भाव करतानाच वजा करून घ्यायचे. छोटी १२ व्होल्टची बॅटरी पावसाळ्यात बसली, मोठी बॅटरी भरलेली असून गाडी उघडायला सुद्धा तयार नाही, ती बदलली. बाकी गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपत आली होती म्हणून एक्स्टेंडेड घेतली आणि ते पैसे सत्कारणी लागले. कारण एसीचा प्रॉब्लेम आला तेव्हा गाडी सर्व्हिस सेंटरला पडून राहिली, पार्ट येईना, फोन उचलेनात, रोज आज-उद्या. त्या अनुभवाचा मला अजूनही राग आहे, एवढ्या महागड्या गाडीला असं ताटकळत ठेवणं बरोबर नाही.

सोसायटीत आम्ही महावितरणचं ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं, घरच्या मीटरवर टाकलं असतं तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बिल वाढलं असतं. हायवेच्या फास्ट चार्जरला युनिटला वीस रुपये आणि वर पण जातात, त्यामुळे घरी किंवा ऑफिसला चार्जिंगची सोय नसेल तर नवीनही नको आणि जुनीही नको असं माझं स्पष्ट मत आहे. टोलचं विचारतात म्हणून सांगते, ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर ईव्हीला टोल माफ झालाय, पण आमचा सातारा रस्ता नॅशनल हायवे, तिथे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे सगळीकडे भरतोच.

माझ्याकडून गाडीला पाचपैकी चार, सर्व्हिसला दोन. पहिलीच गाडी असेल, घरात दुसरी गाडी नसेल आणि सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायला वेळ नसेल तर पैसे जमवून नवीन घ्या. घरी चार्जिंग आहे, वॉरंटीची पाच वर्षं शिल्लक आहेत आणि मालक सबमीटर लावून दाखवायला तयार आहे, तर जुनी मॅक्स ७.२ वाली डोळे झाकून नाही पण डोळे उघडे ठेवून नक्की घ्या. आरटीओचे फॉर्म २९, ३० आणि लोन असेल तर बँकेची एनओसी हे सगळे करतातच, पण नाव ट्रान्सफर झाल्यावर सर्व्हिस सेंटरला नवीन आरसी देऊन त्यांच्या सिस्टिममध्ये पण मालकाचं नाव बदलून घ्या, आणि वॉरंटी कधी संपते ती तारीख लेखी मागून घ्या. आमच्याकडे ती ईमेलवर आहे.