आरओच्या आधी सॉफ्टनर की अँटीस्केलंट?

सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम रेझिनच्या बारीक मण्यांवर पकडतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे आरओच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर, चुन्याचा थर बसायला कारणच उरत नाही. पण रेझिन ताजं करायला मीठ लागतं, खारट सांडपाण्याचीही सोय बघावी लागते. छोट्या प्लँटला हे चालून जातं.

अँटीस्केलंट म्हणजे थर रोखणारं रसायन; ते पाण्यातून काहीच काढत नाही. लिटरमागे साधारण 2 ते 5 मिलिग्रॅम डोस स्फटिकांची वाढ रोखून धरतो. तेवढ्यात क्षार रिजेक्टच्या, म्हणजे आरओ टाकून देतो त्या, पाण्याबरोबर बाहेर पडतात. मोठ्या प्लँटसाठी माझं मत यालाच. मात्र डोसिंग पंप बंद पडला की शेवटच्या मेम्ब्रेनवर आधी थर चढतो, कारण क्षार तिथेच सर्वाधिक साठलेले असतात. प्लँट थांबवताना फ्लशिंग, म्हणजे मेम्ब्रेन पाण्याने धुणं, टाळलं तरी हीच गत.

सिलिकापुढे (वाळूतला घटक, तो पाण्यातही विरघळलेला असतो) सॉफ्टनर हतबल. त्यासाठी खास अँटीस्केलंट मिळतं. जिवाणूंच्या बुळबुळीत थरावर मात्र दोन्हींकडे इलाज नाही.