४० मुलं, एक नळ: प्राथमिक वर्गासाठी कोणता कलाप्रकल्प निवडावा?

प्रकल्प निवडताना आपण तयार नमुन्याकडे बघतो. वर्गात मात्र गाडी अडते ती ओलं काम ठेवायचं कुठे आणि हात धुवायचे कधी, या दोन प्रश्नांवर. हिशेब सरळ आहे. ४० मुलं, एक नळ आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं, तर २० मिनिटं नुसती हात धुण्यात जातात, म्हणजे ४० मिनिटांची निम्मी तासिका. ए-४ आकाराची ४० ओली चित्रं पसरायला साधारण अडीच चौरस मीटर जागा लागते, आणि पुढची तासिका सुरू असताना तिथे कुणाचा पाय पडता कामा नये.

म्हणून खालचे सहा प्रकल्प याच कसोटीवर लावले आहेत. वर्ग ४० मुलांचा, मुलं ६ ते १० वर्षांची आणि तासिका ४० मिनिटांची धरली आहे.

| प्रकल्प | कोणत्या इयत्तेपासून | तासिका | वाळायला | पाणी |
|---|---|---|---|---|
| कागदी विणकाम | दुसरी | १ ते २ | वेळ लागत नाही | नको |
| खडू आणि जलरंग | पहिली | १ | दोन-तीन तास, आडवं | थोडं |
| फाडलेल्या कागदाचं कोलाज | पहिली | १ | काडीगोंद असेल तर नाही | नको |
| थर्माकोलचे ठसे | तिसरी | २ | अर्धा दिवस, दोरीवर | बरंच |
| मातीची वाटी | पहिली | १, रंगवायला आणखी १ | २ ते ५ दिवस | बरंच |
| फुग्यावरचं कागदी थरकाम | चौथी | ५ | प्रत्येक थराला एक दिवस | बरंच |

एकच तासिका हातात असेल तर: विणकाम की जलरंग?

खरी चुरस या दोघांत आहे. पाण्याची सोय नसेल किंवा बाकं अरुंद असतील तर विचार न करता विणकाम घ्यावं. मात्र त्याची तयारी आदल्या दिवशी शिक्षकाला करावी लागते, आणि ती कमी नाही. प्रत्येकाला आडव्या १० पट्ट्या म्हणजे ४०० पट्ट्या. ए-४ कागदातून २१ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद अशा १४ पट्ट्या निघतात, म्हणजे २९ कागद कापायचे. चौथीची मुलं पट्ट्या स्वतः कापू शकतात, पण मग पहिली तासिका त्यातच संपते.

उभ्या ताण्याचा कागद, म्हणजे चिरा देऊन ज्यात पट्ट्या विणायच्या तो, १२० ते १६० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवा. ८० जीएसएमचा विणताना चुरगळतो आणि कडेला फाटतो. कागद लांबीच्या मध्यावर दुमडायचा, म्हणजे २१ सेंमीची घडी मिळते. उघड्या कडेपासून २.५ सेंमीवर पेन्सिलीने ठळक रेघ मारायची: कात्री इथे थांबणार. मग घडीच्या बाजूने या रेघेपर्यंत साधारण २.६ सेंमी अंतरावर सात चिरा द्यायच्या. उघडल्यावर आठ उभ्या पट्ट्या चौकटीत अडकलेल्या दिसतात.

बिघडतं ते नेमकं इथे. प्रत्येक वर्गात काही मुलं उघड्या कडेकडून कापतात आणि त्यांच्या हातात दोन टोकांना झालरी लागलेला कागद येतो. कापण्याआधी घडीवर रंगीत ठिपका काढायला लावला की हे जवळजवळ थांबतं. दुसरी चूक म्हणजे दुसरी पट्टीही पहिलीसारखीच ‘वरून’ सुरू करणं. त्याने चौकडी होत नाही, नुसते उभे पट्टे दिसतात. ‘वरची संपली, आता खालून’ हे मोठ्याने म्हणत विणायला लावा, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला सरकवून भिडवल्यावरच पुढची घेऊ द्या. टोकं शेवटी काडीगोंदाने चिकटवायची. डावखुऱ्या मुलांसाठी दोन-तीन डावखुऱ्या कात्र्या ठेवाच. उजव्या कात्रीचं पातं त्यांची रेघच झाकतं, मग रेघ वाकडी गेली की दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

हेच काम सरस दिसायला हवं असेल तर चिरा सरळ न देता नागमोडी द्या. आडव्या पट्ट्या सरळच ठेवायच्या. पृष्ठभाग फुगल्यासारखा भासतो आणि मेहनत वाढत नाही. दुसरीत मात्र सरळच बरं.

खडू आणि जलरंगाचं गणित उलटं आहे: तयारी अगदी कमी, आवराआवर जास्त, पण निकाल लगेच आणि पहिलीतल्या मुलालाही जमणारा. मेण किंवा तेल असलेल्या रेघेवर पाणी टिकत नाही, म्हणून रंग रेघेभोवती पसरतो आणि रेघ उजळून दिसते. यासाठी साध्या मेणखडूपेक्षा ऑइल पेस्टल कितीतरी बरे. ते मऊ असतात, कमी जोरातही जाड थर सोडतात. कडक मेणखडू कागदावरून नुसता घसरतो, आणि फिकट रेघेवर रंग बिनधास्त चढतो. ‘आमचा प्रयोग झालाच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरं कारण घट्ट रंग. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, घट्ट लावला तर खडूची रेघही झाकून टाकतो. एक चमचा रंगाला सहा चमचे पाणी इथून सुरुवात करा. छापील वर्तमानपत्रावर एक हात मारून बघा: खालची अक्षरं वाचता आली तर रंग बरोबर. कागद १५० जीएसएमच्या वर, ब्रश रुंद, आणि एका जागी एकच हात. घासत राहिलं की कागदाची लव सुटते आणि पेस्टलचे कण रंगात मिसळतात. प्रत्येक गटाला दोन शेजारचेच रंग द्या, निळा-हिरवा किंवा पिवळा-केशरी. लाल आणि हिरवा एकत्र दिले तर तासिकेच्या शेवटी सगळ्यांची चित्रं एकसारखी तपकिरी होतात.

वाळवायला दोरीवर टांगू नका, ओघळ येतात. वाळल्यावर कागद वाकलेला दिसतो. मागच्या बाजूने जेमतेम ओलसर फडका फिरवून, वर कोरा कागद ठेवून, रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवला की सरळ होतो.

कोलाजबद्दल थोडक्यात. बदली शिक्षकाला किंवा अचानक मोकळ्या मिळालेल्या तासिकेला यापेक्षा सोपं काही नाही, पण मोकळं सोडलं तर ते सगळ्यात बेचव होतं. बंधन घाला: तीनच रंग, कात्री नाही, तुकडा तळहातापेक्षा लहान नाही. आधी गोंदाशिवाय मांडणी करायची, मगच चिकटवायचं. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस उतारवयात कागद आधी रंगवून घेई आणि मग कापून मांडी; त्याची १९५३ची ‘गोगलगाय’ अशाच रंगीत तुकड्यांची आहे. तीच पद्धत वापरून आदल्या आठवड्यातले बिघडलेले जलरंगाचे कागद इथे खपवता येतात. पातळ पांढरा गोंद टाळा, कागद सुरकुततो आणि बाकं चिकट होतात.

दोन तासिका असतील तर: ठसे

शिकण्याच्या दृष्टीने या यादीतला सगळ्यात भरीव प्रकल्प हाच. एका पाटीवरून अनेक प्रती निघतात, आणि चित्र उलटं छापलं जातं हे मूल स्वतःच शोधून काढतं. सगळ्यात जास्त गोंधळही यातच होतो, म्हणून वर्ग हाताळायला दुसरं माणूस मदतीला नसेल तर आधी विणकाम करून बघा.

पहिली तासिका चित्राची. १० बाय १५ सेंमीची, गुळगुळीत पातळ थर्माकोलची पाटी घ्यायची. हस्तकलेच्या दुकानातला मऊ, रबरासारखा रंगीत फोम दाबल्यावर थोडा परत उसळतो. त्यावर रेघ दोनदा गिरवावी लागते. तो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायला जास्त चांगला. रेघ बोथट पेन्सिलीने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबायची. टोकदार पेन्सिलीने थर्माकोल फाटतो. नाव किंवा अक्षरं हवी असतील तर आधी पातळ कागदावर सरळ लिहायची, कागद पालथा करून पाटीवर ठेवायचा आणि मागून दिसणाऱ्या रेघा गिरवायच्या.

दुसरी तासिका छपाईची. खोलीत चार जागा करा. एका मुलाला शाई लावून दोन छाप काढायला साधारण तीन मिनिटं लागतात, म्हणजे ४० मुलांना चार जागांवर ३० मिनिटं. उरलेल्या १० मिनिटांत आवरायचं, त्यामुळे सूचना आदल्या तासिकेलाच देऊन टाकाव्या लागतात. मुलांना जोडीने पाठवा: एक जण शाई लावणार, दुसरा स्वच्छ हातांनी कागद ठेवून चोळणार, मग अदलाबदल. कागदांवर बोटांचे ठसे उमटू नयेत यासाठी यापेक्षा चांगला उपाय सापडणार नाही.

शाई पाण्यात धुतली जाणारी, ठशांसाठीचीच असावी. पोस्टर कलर रोलरवर पटकन सुकतो. तोच वापरायचा असेल तर त्यात ग्लिसरीनचे काही थेंब घाला, म्हणजे सुकणं लांबतं. गुळगुळीत ताटलीवर रोलर फिरवत राहायचं. थर बारीक दाणेदार दिसला आणि रोलर चरचरायला लागला की शाई योग्य. ओली चकाकी दिसत असेल तर शाई जास्त आहे; ती रेघांत भरते आणि छाप नुसता रंगीत आयत होतो. पाटी नवी असताना पहिला छाप बहुधा फिकाच येतो, म्हणून तो रद्दी कागदावर घ्या. छपाईला जाड खरखरीत कागद नको. जलरंगात नापास झालेला ८० जीएसएमचा गुळगुळीत कागद इथे उत्तम चालतो. ४० छाप टांगायला १० मीटर दोरी पुरते.

हातात धरता येणारी वस्तू हवी असेल तर

माती की कागदी थरकाम, यात बहुतेकांना माती घाबरवते. प्रत्यक्षात जागा मातीलाच कमी लागते: ४० छोट्या वाट्या एखाद्या मोठ्या टेबलावर मावतात. प्रत्येकाला १५० ग्रॅम, म्हणजे एकूण ६ किलो. गोळा करायचा, अंगठा मध्यभागी दाबायचा आणि बूड साधारण १ सेंमी जाड राहील तिथे थांबायचं. मग गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत ६ ते ८ मिलिमीटरपर्यंत आणायची.

भेगा पडतात कारण पातळ काठ आधी सुकून आकसतो आणि जाड बूड मागे राहतं. पहिला दिवस वर सैल प्लास्टिक टाका, दुसऱ्या दिवशी वाटी पालथी करा, उन्हात ठेवू नका. मुलांना पाणी ओतायला फार आवडतं. प्रत्येक बाकाला दोन चमचेच द्या आणि फक्त बोटाचं टोक बुडवू द्या. कान किंवा शेपटी जोडायची असेल तर दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावावा लागतो, नुसती दाबून चिकटवलेली शेपटी वाळल्यावर गळते. भट्टी नसेल तर या वाटीत पाणी ठेवता येणार नाही, हे आधीच सांगा. हात बादलीत धुवायचे आणि गाळ खाली बसू द्यायचा. बेसिनमध्ये गेलेली माती नळी तुंबवते. वाळलेल्या मातीची धूळ छातीला वाईट, म्हणून झाडू नको, ओला फडका.

फुग्यावरचं थरकाम तेव्हाच घ्या जेव्हा आठवडाभर कुणी हात लावणार नाही अशी जागा आहे. एकेकट्याने नको, चौघांच्या गटाने करा. ४० ऐवजी १० गोळे सांभाळायचे. फुगा २० सेंमीच्या आसपास फुगवायचा, पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात, आणि कागदाच्या २ ते ३ सेंमी रुंद पट्ट्या फाडून घ्यायच्या, कापून नाही, कारण फाटलेली कड नीट बसते. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्या कागदाचा असं आलटून पालटून केलं की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. दिवसाला एकच थर. घाईने तीन थर एकदम लावले तर आतला ओलावा अडकून बुरशी येते. रंगवण्याआधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर छापील अक्षरं वर दिसत राहतात. रबरी फुग्याची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात, पालकांना आधी विचारा. तशी अडचण निघाली तर चुरगळलेल्या कागदाच्या गोळ्यावर थर लावता येतात.

नाव घालण्याचं काम सगळ्याच प्रकल्पांत सुरुवातीला करायचं. कागदावर पेन्सिलीने मागच्या बाजूला, मातीवर काडीने बुडाला. ओल्या कागदावर नाव घालता येत नाही, आणि वाळल्यावर कुठली वस्तू कुणाची हे कुणालाच आठवत नाही.